बॉल नसलेला फोटो

माझ्याकडे एकोणीस वर्षांचे बेसबॉलचे फोटो आहेत. त्यांत बॉल नसलेला एकही फोटो नाही.

हा नियम माझा नाही. माझ्या बायकोचा, कुसुमचा. ती नांदेडला मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि माझा वजिराबादला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट, हेच माझं काम. तिने शाळेत मुलींचा बेसबॉलचा संघ उभा केला तेव्हा पेपरवाले फोटो मागायला लागले, आणि घरचा फोटोग्राफर म्हणून मी कॅमेरा घेऊन मैदानावर गेलो. पहिल्या सामन्याचे फोटो रात्री तिला दाखवले. 

"ह्या पोरी काय करून राहिल्यात?"

"बॅटिंग."

"बॉल कुठंय?"

"निघून गेला."

"मग ह्या काय माशा मारताहेत? बॉल दिसत नाही तो फोटो पुसून टाकायचा. लोकांना आधीच वाटतं आमच्या पोरी क्रिकेट खेळतात."

तेव्हापासून मी पुसत गेलो.

बॅटरचा फोटो काढणं अवघड असतं. बॅट बॉलला लागल्याचा 'टण' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून बटण दाबलं तर बॉल गेलेला असतो. आवाजाच्या आधी दाबावं लागतं. बॅटरचा पुढचा पाय जमिनीला टेकला की दाबायचं. हे मला सहा महिन्यांनी जमलं. लोक म्हणायचे, रेणुकादासचं बोट चलाख आहे. खरी गोष्ट वेगळी होती. कोच तिसऱ्या बेसजवळ उभं राहून बॅटरला खुणा करतो. टोपीला हात लावायचा, कानाला, कोपराला, पट्ट्याला. त्यातल्या बहुतेक खुणा समोरच्या संघाला फसवायला असतात. कुसुम चहाला उकळी येईपर्यंत ओट्यासमोर उभी राहून ह्या खुणांचा सराव करायची, म्हणून त्या मला पाठ झाल्या होत्या. टोपी खोटी, कान खोटा, कोपर खोटं. पट्टा खरा. पट्ट्याला हात गेला की बंट. म्हणजे बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरायची, बॉल पायाशीच मरून पडतो आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी तेवढ्यात बॅटरपाशीच्या होम प्लेटवर पोचून धाव मिळवते. बाकीचे फोटोग्राफर चकायचे. मी चकायचो नाही.

मी जाळीच्या कोपऱ्यात, पहिल्या बेसच्या बाजूला बसायचो. तिथून बॅटर नीट दिसते आणि तिच्या मागे लांब तिसरा बेस दिसतो. कोचने उभं राहायला तिथे चुन्याची चौकट आखलेली असते. कुसुम त्या चौकटीत कधी राहिली नाही. चार पावलं पुढे येऊन उभी राहायची. उदगीरचे चंद्रप्पा पंच असले की दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "मॅडम, चौकटीत!" ती दोन पावलं मागे जायची आणि पुन्हा तीन पुढे यायची.

म्हणजे माझ्या प्रत्येक फोटोत ती आहे. बॅटरच्या मागे. पण धूसर. बॅटर उठून दिसावी म्हणून मागचं सगळं धूसर करायचं, ही आमच्या कामाची रीत आहे. कधीतरी कॅमेरा चुकायचा. बॅटरला सोडून मागचं पकडायचा. मग बॅटर धूसर आणि कुसुम स्वच्छ. असे फोटो प्रत्येक सामन्यात आठ-दहा निघायचे. सामन्यानंतर फोटो घरच्या कम्प्युटरवर टाकून मी दुकानात जायचो, आणि रात्री परत आलो की ते सगळ्यात आधी पुसायचो. त्यांत बॉल नसायचा, आणि बॅटरही नसायची.

मागच्या पौषात ती गेली. सकाळी पोळ्या करताना डोकं दुखतंय म्हणाली, गॅस बंद करून खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तव्यावरची पोळी तशीच राहिली होती. ती मी तिसऱ्या दिवशी काढली.

घाईत जो फोटो लावला तो आमच्या पुतण्याच्या, वरदच्या लग्नातला होता. जड शालू, नाकात नथ, आणि कोणीतरी ओढून उभं केल्यासारखा चेहरा. तिला तो फोटो आवडत नव्हता. वर्षभर मी तोच बघत होतो. एक दिवस माझ्या लक्षात आलं की डोळे मिटून तिला आठवायला गेलो की एक तर हा शालू पुढे येतो, नाही तर बॅटरच्या मागचा तो धूसर ठिपका. पांढरी टोपी, निळा टी-शर्ट, त्याला चेहरा नाही. एकोणीस वर्षं मी तिला तशीच बघत आलो होतो, त्यामुळे तशीच राहिली होती.

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा हैदराबादहून मुलीचा, देविकाचा फोन आला.

"बाबा, आईचा फोटो मोठा करून घेतला का?"

"शोधतोय."

"शोधायचं काय त्यात? वरददादाच्या लग्नातला आहे ना."

"तो नको. मैदानावरचा पाहिजे."

"मग तुमच्याकडे तर ढीग आहे."

 तीन हार्डडिस्क माझ्या दोनदा बघून झाल्या होत्या. फोटो हजारो होते. सगळ्यांत बॉल होता. ती एकातही ओळखू येत नव्हती.

शेवटी सुमय्याला फोन केला. सुमय्या कुसुमच्या पहिल्या संघातली. आता लातूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. म्हटलं, मुलींनी मोबाइलवर कधी काढला असेल.

"न्हाई सर. मॅडम मैदानावर मोबाइल आणू देत होत्या का? पण थांबा, 'पाय' हाय माझ्याकडं."

"पाय?"

"वही हो. मॅडमची वही. तुम्ही पुसायच्या आधी त्या खराब फोटो पेनड्राइव्हवर घ्यायच्या, शाळेच्या प्रिंटरवर काढायच्या, आन् वहीत चिकटवायच्या. आमचे पाय कुठं चुकतात ते दाखवायला. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. मी दुकानातून येईपर्यंत ती कम्प्युटरवर बसलेली असायची, एवढं माहीत होतं.

"त्यात खराब फोटो आहेत? धूसरसुद्धा?"

"धूसरच जास्ती. मला नोकरी लागली तवा मॅडमनी वही मला दिली. शुक्रवारी या. इथं विभागाच्या स्पर्धा हायेत, आमची सेमीफायनल हाय. कॅमेरा घेऊन या सर. लई दिवस झाले, कुणी नीट फोटो काढला न्हाई पोरींचा."

"मी मैदानावरचा कॅमेरा सोडलाय."

"बरं. वही घ्यायला तर या."

पेनड्राइव्हचं विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे एकच होता आणि ती दर वेळी पुसून वापरायची. पण छापलेलं तरी होतं. शुक्रवारी पहाटेची एसटी धरली. कॅमेऱ्याची बॅग घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही. सामन्याला निघालो की उजव्या खांद्यावर ती असते, नसली तर चालताना तोल जातो. अहमदपूरला चहा घेतला. वहीत तिचा किती मोठा फोटो असेल, तो मोठा करता येईल का, हेच सगळ्या रस्त्यात मनात चालू होतं.

मैदानावर पहिले भेटले चंद्रप्पा. छातीला पंचाचं कवच बांधत होते. मला बघून थांबले.

"रेणुकादासराव." त्यांनी माझा हात धरला. "मॅडमला मी लई वरडलो हो. चौकटीत जा, चौकटीत जा. आता वाईट वाटतंय."

"वाटून घेऊ नका. तिनं ऐकलं कुठं?"

ते हसले, मग तोंड फिरवून कवचाचा पट्टा ओढायला लागले.

सुमय्या धावत आली. डोक्याला रुमाल, त्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. तिने माझ्या हातात तपकिरी पुठ्ठ्याची लांब वही दिली. वर कुसुमच्या अक्षरात एकच शब्द होता, 'पाय'.

"बसून बघा सर. आमची म्याच लागलीच हाय. ही तनुजा." तिने मागच्या एका काटकुळ्या मुलीला पुढे ओढलं. "औशाकडली हाय. हिचा एक तरी फोटो काढा."

"पप्पा म्हनले पेपरात आला तर दुकानात लावतो," ती मुलगी म्हणाली.

"बघू," मी म्हटलं, आणि जाळीच्या कोपऱ्यात जाऊन वही उघडली.

पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. पाचव्या पानावर मला समजलं.

प्रत्येक फोटो कात्रीने कापलेला होता. बॅटरच्या कडेकडेने, बॅट, हेल्मेट, पाय, सगळं सांभाळून. पानावर नुसत्या मुली. मागे मैदान नाही, जाळी नाही, तिसरा बेस नाही. प्रत्येकीखाली लाल पेनाने लिहिलेलं. 'टाच वर.' 'गुडघा सरळ, असा नको.' 'भार्गवी, जमिनीला भितेस का?' जिथे कुसुम उभी असायची तो भाग प्रत्येक फोटोतून गेला होता. तो तिने स्वतः कापला होता.

मी पानं उलटत राहिलो. मला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आला. मी पुसलं ते न कळून पुसलं. हिने बघून कापलं होतं.

सुमय्या पाण्याची बाटली घ्यायला आली. मी विचारलं, "हे कापलं कशाला?"

"मागचं ठेवलं की आम्ही तेच बघायचो ना सर. पाय सोडून. 'मॅडम, तुम्ही किती लठ्ठ दिसायलात' म्हणायचो. मग त्या चिडल्या. म्हणाल्या, आता बघा नुसते पाय." ती हसली, आणि माझ्याकडे बघून हसू थांबवलं. "काय झालं?"

"काही नाही. जा तू, पोरी बोलावताहेत."

वही मिटणार होतो. पण एवढं आलो तर शेवटपर्यंत बघावी म्हणून बघितली. शेवटून तिसऱ्या पानावर सुमय्याच होती, चौदा-पंधरा वर्षांची. तिने बॅट पूर्ण ताणून फिरवली होती. ती धूसर होती. खाली लिहिलं होतं, 'सुमय्या, डावा पाय उशिरा. पुन्हा.' आणि बॅटच्या टोकापाशी कागदाचा एक तुकडा जास्तीचा राहिला होता. बॅटचं टोक मागच्या माणसाच्या कमरेवर आलं होतं. तो माणूस कापायचा तर बॅट तोडावी लागली असती. बॅट तोडायची नव्हती म्हणून माणूस राहिला होता.

अंगठ्याएवढी कुसुम. काळ्या-पांढऱ्या छपाईत. चेहरा म्हणावा तर पाच-सात ठिपके होते. पण ती धूसर नव्हती. टोपी मागे सरकलेली. तोंड उघडं. डावा हात पाठीमागे नेलेला, मूठ वळलेली. आणि दोन्ही टाचा जमिनीपासून उचललेल्या. ती चवड्यांवर उभी होती.

मुलगी बॅटिंगला आली की ती अशी चवड्यांवर उभी राहायची. हे मी विसरलो होतो. घरीसुद्धा दूध वर यायला लागलं की ती गॅससमोर तशीच उभी राहायची.

हे मोठं होणार नव्हतं. शाळेच्या प्रिंटरचं छापलेलं मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात. मला माझ्या धंद्यातलं तेवढं कळतं. मी वही मांडीवर ठेवून तसाच बसलो.

सामना चालू होता. शेवटची पाळी आली. दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या, आणि लातूरची एक मुलगी तिसऱ्या बेसवर येऊन थांबली होती. बॅटिंगला तनुजा आली. तिने जाळीकडे वळून माझ्याकडे बघितलं. मी बॅग उघडली. अकरा-बारा महिन्यांनी मैदानावर कॅमेरा हातात घेतला. बॅटरी मीच आदल्या रात्री भरली होती.

तनुजा नीट दिसत होती. मागे सुमय्या, चौकटीच्या पुढे चार पावलं.

"सुमय्या मॅडम, चौकटीत!" चंद्रप्पा ओरडले.

सुमय्या दोन पावलं मागे गेली. मग तिने टोपीला हात लावला. कानाला लावला. कोपराला लावला. शेवटी पट्ट्याला.

बंट. लातूरच्या संघाबाहेर सगळ्या मैदानात हे फक्त मला माहीत होतं. फोटो कसा येईल तेही मला दिसत होतं. मुलगी वाकलेली, बॅट आडवी, बॉल तिच्या पायाशी, उजवीकडून धावत येणारी दुसरी. पेपरवाले असला फोटो चार कॉलम लावतात.

बॉल टाकणाऱ्या पिचरने हात मागे नेला. मी तनुजाच्या मागे बघितलं. सुमय्या तीन पावलं पुढे आली होती. तिचा डावा हात पाठीमागे गेला, मूठ वळली, आणि टाचा उचलल्या. तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

मी तनुजाला सोडलं आणि सुमय्याला पकडलं. बटण दाबून धरलं.

बारीक 'टक' आवाज आला, धूळ उठली, पोरी ओरडल्या. लातूर जिंकलं. एकमेकींच्या अंगावर उड्या चालल्या होत्या तेव्हा मी अजून सुमय्याकडेच कॅमेरा धरून होतो. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

तनुजा सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. हेल्मेट काढायचं राहिलं होतं.

"सर, आला का माझा?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही आला," मी म्हटलं. "तू धूसर आलीस. चूक माझी आहे. तू बरोबर केलंस."

तिचा चेहरा उतरला. तिने मान हलवली आणि गेली. जाताना बॅट जमिनीवरून ओढत नेली. तो आवाज मला लागला.

सुमय्या आली. मी तिला कॅमेऱ्याची मागची काच दाखवली. 

"मी अशी उभी राहते?"

"हाव."

"टाचा..." ती म्हणाली आणि थांबली. मी वहीतलं ते पान काढून तिच्यासमोर धरलं. तिने बॅटच्या टोकापाशी बोट ठेवलं. मग बोट लगेच उचललं, जणू चुकून कुणाला पाय लागला.

"हे पान मला हवंय," मी म्हटलं.

"सगळी वही तुमचीच हाय सर."

"वही तुझ्याकडंच राहू दे. पोरींना लागेल. फक्त पान दे."

तिने वहीच्या शिवणीतून पान अलगद सोडवून दिलं. मग म्हणाली, "तनुजा रडतीय तिकडं."

"फायनल कधी आहे?"

"उद्या."

मी राहिलो. सुमय्याच्या अम्मीने, खातूनबीने, घरी नेऊन जेवू घातलं. मांसाचं काही शिजवलं नव्हतं, माझ्यासाठी मुद्दाम भाजी-भाकरी केली होती, आणि जेवणभर त्या कुसुमच्या तक्रारी सांगत होत्या. मॅडमनी माझ्या पोरीला उन्हात काळी केली, मॅडमनी ईदच्या दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला बोलावलं. मला बरं वाटलं. वर्षभरात तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलत होते. दुसऱ्या दिवशी लातूर हरलं. पण मी तनुजाचे सहा फोटो काढले, चारांत बॉल होता. एक पेपरात आला. बॉल नसलेले दोन मी पुसले नाहीत.

वर्षश्राद्धाला देविका आली. भिंतीवरचा लग्नातला फोटो मी उतरवला होता. त्या जागी फ्रेम लावली होती. आत ते पूर्ण पान, लाल अक्षरांसकट, तेवढ्याच आकाराचं.

"बाबा, ही सुमय्या आहे ना? आई कुठंय?"

"बॅटच्या टोकाला बघ."

ती जवळ गेली. आणखी जवळ गेली. नाक काचेला लागलं तशी तिने श्वास धरला.  मागे फिरली ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती.

गुरुजी आले, सगळं पार पडलं. शेवटी माझ्या वहिनींनी झेंडूचा हार आणला आणि फ्रेमला घातला. हार मोठा होता. पानाचा खालचा अर्धा भाग झाकला गेला. सुमय्याचं हेल्मेट वर राहिलं, कुसुम झेंडूखाली गेली.

मी उठायच्या आत देविका उठली होती. तिने हार काढला.

"अगं, वर्षाचं आहे, फोटोला हार नको का?" वहिनी म्हणाल्या.

"खाली ठेवू काकू. आई झाकली जातेय."

तिने हार खाली पाटावर ठेवला. जेवणं झाल्यावर पाहुणे एक-एक करून फ्रेमपाशी जायला लागले. लांबून कोणालाच ती दिसत नव्हती. वहिनी चष्मा पुसून गेल्या. वरद गेला. प्रत्येकाला पाटावरून पुढे झुकावं लागत होतं, आणि नीट बघायला म्हणून प्रत्येक जण, नकळत, चवड्यांवर उभा राहत होता.